सनरूमची ऊब कुठून निसटते

आमचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूसबरीत, वुस्टर शहराला लागून. आधीच्या मालकांनी मागच्या डेकवर, म्हणजे खांबांवरच्या लाकडी ओट्यावर, छप्पर घालून, तीन बाजूंनी काचा बसवून १६ बाय १२ फुटांची सनरूम केली होती. लांब बाजू दक्षिणेला. एप्रिल संपता संपता आमचा मुक्काम तिथे हलतो. चहा, मुलांचा अभ्यास, रविवारची जेवणं, सगळं तिथेच. सासूबाई तिला काचेची पडवी म्हणतात. नोव्हेंबर लागला की मात्र मधलं सरकतं दार लावायचं, खालच्या फटीला टॉवेल गुंडाळून ठेवायचा आणि वसंत येईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, असं घर घेतल्यापासून चाललं होतं.

२०२४ च्या हिवाळ्याआधी हे बदलायचं ठरलं. सासू-सासरे पहिल्यांदाच ऐन थंडीत, तेही मोठ्या मुक्कामाला येणार होते. सांगलीला ज्यांचा अर्धा दिवस अंगणात जातो, त्यांना चार महिने बंद खिडक्यांमागे बसवून ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं. दुसरं कारण कुंड्यांचं. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा हे सगळं दर हिवाळ्यात जेवणाच्या खोलीतल्या एका खिडकीशी दाटीवाटीने उभं असायचं. मार्चपर्यंत कढीपत्त्याच्या काड्या उरायच्या आणि तुळस दरवर्षी नव्याने रुजवायला लागायची.

खरं तर ऊन त्या खोलीत भरपूर येतं, आणि हिवाळ्यात जास्तच आत येतं. आमचा अक्षांश ४२ च्या थोडा वर. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर असतो; सांगलीत त्याच दिवशी तो ५० अंशांच्या आसपास असतो. इतक्या खालून येणारं ऊन दक्षिणेच्या काचांतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. जानेवारीत बाहेर २५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे ४ सेल्सिअस असताना, आकाश निरभ्र असेल तर ती बंद खोली दुपारी आपली आपण ७० च्या वर जाते. पण डिसेंबरात सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि अंधार पडेपर्यंत खोलीतली सगळी ऊब गेलेली असते. म्हणजे प्रश्न होता तो संध्याकाळी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंतचा, आणि ढगाळ दिवसांचा.

ओळखीत विचारलं तर प्रत्येकाने आपापल्या घरी जे आहे तेच सुचवलं. कुणी तेलाचा रेडिएटर, कुणी गॅसची शेगडी, कुणी फरशीखालच्या तारा. मला यातलं काही ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की करायची होती: ही खोली कुणासाठी, किती वाजता, किती गरम हवी? सासू-सासरे बसणार ते साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तेव्हा ६८ अंश, म्हणजे २० सेल्सिअस पुरे. रात्री तिथे कुणी झोपणार नव्हतं. रात्र फक्त कुंड्यांची, आणि त्यांना ५० अंश, म्हणजे १० सेल्सिअस मिळालं तरी त्या तगतात. हे एवढं कागदावर मांडल्यावर निम्मे पर्याय आपोआप गळाले. कुणी मला सनरूमबद्दल विचारलं तर मी अजूनही आधी हेच विचारते. खोलीत कुणी रात्री झोपणार असेल तर सगळं गणित वेगळं होतं.

हाताशी होता तो साधा प्लगचा हीटर, म्हणून सुरुवात त्यानेच केली. इथल्या घरांत प्लगला १२० व्होल्ट येतात आणि बहुतेक सर्किटं १५ अँपिअरची, त्यामुळे दुकानातला कुठलाही घरगुती हीटर १५०० वॉटच्या पुढे जात नाही. पंख्याचा असो, तेलाचा असो, चिनीमातीच्या पट्ट्यांचा असो किंवा काळ्या काचेचा महागडा असो, १५०० वॉट म्हणजे तासाला ५,११८ बीटीयू उष्णता (बीटीयू हे उष्णता मोजायचं इथलं एकक). चाळीस डॉलरचा हीटर तेवढीच देतो आणि चारशेचाही तेवढीच. फरक पडतो तो उष्णता कशी पोचते यात. इन्फ्रारेडवाला समोर बसलेल्या माणसाला तापवतो, हवेला फारसा नाही. अर्धा तास पेपर वाचत बसायला तो उत्तम. तेलाचा हळू तापतो, आवाज करत नाही. पंख्याचा पटकन तापवतो आणि बंद केला की तितक्याच पटकन सगळं गार.

आमच्या सनरूममधले प्लग बैठकीच्या खोलीच्या सर्किटवरच होते. हीटर एकटाच साडेबारा अँपिअर ओढतो. त्यात कुणी व्हॅक्यूम लावला की ब्रेकर पडायचा आणि टीव्हीसकट सगळं बंद. एक्स्टेन्शन कॉर्डवर हीटर लावायचा नाही आणि पडदे, गाद्या, कपडे त्याच्यापासून तीन फूट लांब ठेवायचे, हे दोन नियम इथे अग्निशमन दलापासून सगळे सांगतात. ते मी घरात फार कडकपणे पाळते. जुन्या सॉकेटला हात लावून बघितलं तर ते कोमट लागत होतं. ते कोमट लागणं मला पुरेसं होतं. त्या दिवशीच हीटर काढून ठेवला.

मग नवऱ्याने आणि मी बसून खोलीचा हिशोब मांडला. हे कुणालाही जमण्यासारखं आहे. काचेच्या एका चौरस फुटातून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, तासाला जितके बीटीयू बाहेर जातात तो तिचा यू-फॅक्टर. भिंत, छप्पर, फरशी यांचा आर-व्हॅल्यू दिलेला असतो, तो म्हणजे याचाच उलटा आकडा: जितका मोठा तितकं चांगलं. क्षेत्रफळाला यू-ने गुणायचं, आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने गुणायचं, की झालं. आमच्याकडे हिशोबाला धरण्याजोगी थंडी म्हणजे साधारण १० अंश, उणे १२ सेल्सिअस. आत ७० हवेत, म्हणजे फरक ६० अंशांचा.

काच २२० चौरस फूट, जुनी दुहेरी, ॲल्युमिनियमच्या चौकटीतली, यू धरला ०.५. तिच्यातून ६,६०० बीटीयू जात होते. छपरात इन्सुलेशन होतं, तिथून सहाशेच्या आसपास. काचा सोडून उरलेल्या भिंतीतून साडेपाचशे. फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याचे दीड-पावणेदोन हजार. आणि फरशीतून? ३,८०० च्या वर. सगळं मिळून तासाला १३,००० बीटीयूपेक्षा जास्त. १५०० वॉटचा हीटर त्यातलं निम्मंही देऊ शकत नव्हता. पण माझी नजर फरशीच्या आकड्यावरच खिळली.

काचेतून ऊब जाते हे सगळ्यांना दिसतं, कारण काचेजवळ गार लागतं. फरशीकडे कुणी बघत नाही. आमची सनरूम डेकच्या खांबांवर उभी, जमिनीपासून तीनेक फूट उंच, आणि खाली चारी बाजूंनी मोकळं. पश्चिमेचा वारा खालून सरळ आरपार जायचा. इन्फ्रारेड थर्मामीटर फरशीवर धरला तेव्हा आतली हवा ६० असताना फरशी ४० च्याही खाली होती. बॅटरी घेऊन खाली सरपटत गेले तेव्हा सगळा उलगडा झाला. तुळयांमध्ये कुणीतरी कधीकाळी गुलाबी फायबरग्लासच्या गाद्या खोचल्या होत्या. त्यातल्या निम्म्या ओल्या होऊन लोंबत होत्या आणि एकीत उंदरांनी घर केलं होतं. फरशीला चिकटून एकही गादी उरली नव्हती. लोंबणारी गादी आणि फरशी यांच्या मधून वारा जात असेल तर त्या गादीचा उपयोग शून्य.

म्हणून पहिला खर्च हीटरवर झाला नाही, फरशीखाली झाला. जुनं सगळं उपसून काढलं. तुळया सव्वानऊ इंच खोल होत्या. त्यांत सव्वासात इंच जाडीच्या मिनरल वूलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या, गाद्या फरशीला घट्ट टेकवून बसवल्या. त्यांचा आर-व्हॅल्यू ३०. मिनरल वूल यासाठी की ते पाणी धरून ठेवत नाही, हाताने दाबून बसवलं की जागचं हलत नाही आणि उंदरांना त्यात खाण्यासारखं काही नसतं. त्यांच्या खालून तुळयांच्या तळाला एक इंची कडक फोमचे तक्ते मारले, सगळे सांधे टेपने बंद केले, आणि त्याखाली बाहेर वापरायचं प्लायवूड. कडेच्या फळीशी, जिथे डेक घराला मिळतो, तिथे स्प्रे फोमचे डबे रिकामे केले. हे काम आम्ही दोघांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी केलं. पाठीवर पडून, गॉगल-मास्क लावून, केसात कचरा पडत. पण त्या एका कामाने फरशीचा आकडा ३,८०० वरून चारशेच्या खाली आला. एवढ्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडला नाही.

फटी शोधायला मी उदबत्ती घेतली. वाऱ्याचा दिवस निवडला, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे लावले, म्हणजे बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. मग उदबत्ती खिडकीच्या कडेने, चौकटीच्या खालून, प्लगच्या पट्टीपाशी हळूहळू फिरवत नेली. जिथे फट नाही तिथे धूर सरळ वर जातो. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या खिडकीपाशी तो एकदम आडवा झाला, चौकटीपासून हातभर आत ढकलल्यासारखा. सासरे मागे पेन्सिल घेऊन उभे होते, ते प्रत्येक ठिकाणी फुली मारत आले. "सूनबाई, इथे तर वारा शिट्टी घालतोय," म्हणाले. रुंद फटींत आधी फोमची दोरी कोंबून वर कॉक, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, भरलं, बारीक फटींना नुसतं कॉक, सरकत्या खिडक्यांना नवी वेदरस्ट्रिप, म्हणजे वारा अडवणारी पट्टी. प्लगच्या पट्ट्यांमागे फोमचे तुकडे. एवढ्याने वाऱ्याचा आकडा निम्म्यावर आला असेल असं मी धरते, आणि संध्याकाळी तिथे बसल्यावर मानेला लागणारा गार झोत थांबला.

आता एकूण गरज तासाला ९,००० बीटीयूवर आली होती. इथून पुढे हीटरचा विचार करण्यात अर्थ होता.

घराला बॉयलर आहे. न्यू इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या घरांसारखं गरम पाणी पाइपांतून भिंतीच्या तळाशी फिरतं. बॉयलरवाल्याने सुचवलं की तोच पाइप वाढवून सनरूमसाठी वेगळा झोन करून देतो, त्याला वेगळा थर्मोस्टॅट. उष्णतेचा दर्जा उत्तम, आवाज नाही. पण पाइप जाणार डेकखालून. वीज गेली आणि पंप थांबला की त्यातलं पाणी गोठणार, पाइप फुटणार. त्यात पाणी गोठू न देणारं ग्लायकॉल घालता येतं, मग त्यासाठी हीट एक्स्चेंजर वेगळा. एका खोलीपायी सगळ्या घराच्या हीटिंगला धोका नको, म्हणून तो पर्याय सोडला. न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीकडे फर्नेस आणि डक्ट आहेत, म्हणजे हवा तापवणारी भट्टी आणि ती हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे मार्ग. तिने डक्ट वाढवून घेतला, आणि तिला दुसरीच अडचण आली. घराचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये. रात्री हॉल गरम झाला की फर्नेस बंद होतो आणि सनरूम गारठते. दुपारी सनरूम उन्हाने तापलेली असते तरी हॉलसाठी फर्नेस तिथेही गरम हवा सोडतो. सनरूमला तिचा स्वतःचा थर्मोस्टॅट हवाच.

भिंतीच्या तळाशी लावायचे २४० व्होल्टचे इलेक्ट्रिक बेसबोर्ड बसवायला सगळ्यात स्वस्त. फुटाला २५० वॉट धरतात, म्हणजे आम्हाला दहा-बारा फूट पुरले असते. पण आमच्याकडे वीज महाग, युनिटला ३० सेंटच्या आसपास. वर्षातून पंधरा दिवस लागणाऱ्या खोलीला मी हेच सुचवेन. रोजच्या खोलीला नाही. फरशीखालच्या इलेक्ट्रिक तारांचा मोह मला खूप होता, पायाखालची ऊब फार सुखाची असते. पण त्या चौरस फुटाला साधारण १२ वॉट देतात. सामानाखालची जागा सोडून दीडशे चौरस फूट धरले तर १,८०० वॉट, म्हणजे सहा हजार बीटीयू. कडाक्याच्या दिवशी ते अपुरंच. शिवाय सगळी टाइल उखडायची.

गॅसबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आमच्या रस्त्याला गॅसची लाइन नाही, म्हणजे प्रोपेन. प्रोपेनचे दोन प्रकारचे हीटर मिळतात. एक व्हेंटशिवायचा, जो जळलेला गॅस खोलीतच सोडतो. दुसरा डायरेक्ट-व्हेंट, जो भिंतीतून जाणाऱ्या दुहेरी नळीने बाहेरचीच हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. पहिला स्वस्त आणि बसवायला सोपा, म्हणून लोक तो घेतात. पण एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. काचेच्या खोलीत ती सगळी काचांवर जमते, चौकटींतून ओघळते, लाकूड कुजवते. आणि ज्वलन नीट झालं नाही तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. म्हाताऱ्या माणसांनी दुपारी डुलकी काढायची त्या बंद खोलीत मी असला हीटर लावणार नव्हते. डायरेक्ट-व्हेंट मात्र चांगला. त्यातले काही वीज नसतानाही चालतात, आणि बर्फाच्या वादळात जिथे दोन-दोन दिवस वीज जाते तिथे हे फार मोलाचं आहे. आमच्याकडे टाकी ठेवायला नियमात बसणारी जागा सापडली नाही, नाहीतर मी त्याचा गंभीरपणे विचार केला असता.

शेवटी मिनी-स्प्लिट हीट पंप घ्यायचा ठरला. भारतात भिंतीवर असतो त्या स्प्लिट एसीसारखंच यंत्र, पण ते बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतं. एक युनिट वीज खर्चून, बाहेर ४७ अंश, म्हणजे ८ सेल्सिअस असताना ते तीन-चार युनिट उष्णता देतं. ५ अंशांवर, म्हणजे उणे १५ सेल्सिअसला, दोनच्या आसपास. थंडी वाढते तसं हे प्रमाण घसरतं, पण साध्या हीटरच्या एकास एकपेक्षा ते वरच राहतं. थंड प्रदेशांसाठी बनवलेली मॉडेलं उणे १३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे २५ सेल्सिअसपर्यंत चालतात.

खरेदी करताना एक आकडा नीट बघावा लागतो. गरम करण्याची जी क्षमता ठळक लिहिलेली असते ती ४७ अंशांवर मोजलेली असते. १२,००० बीटीयूचं साधं यंत्र ५ अंशांवर त्याच्या निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून माहितीपत्रकातला ५ अंशांवरचा आकडा मागायचा. दुसरा आकडा सगळ्यात कमी किती देऊ शकतं हा. सनरूमला दुपारी जवळजवळ काहीच लागत नाही. यंत्र फार मोठं असेल तर ते दर थोड्या वेळाने चालू-बंद होत राहतं, वीज खातं आणि लवकर झिजतं. एका कंत्राटदाराने खोलीकडे नुसती नजर टाकून "काचा खूप आहेत, १८,००० घ्या" म्हटलं. मी त्याच्यासमोर आमचा कागद ठेवला. त्याने तो बघितलाही नाही. दुसऱ्याने 'मॅन्युअल जे' या, खोलीची उष्णतेची गरज काढायच्या इथल्या प्रमाण पद्धतीने स्वतः हिशोब केला, तो आमच्या आकड्याच्या आसपासच आला, आणि त्याने १२,००० चं थंडीसाठीचं मॉडेल सुचवलं, जे ५ अंशांवरही पूर्ण क्षमता देतं. काम त्यालाच दिलं.

४ फेब्रुवारी २०२३ ला बॉस्टनमध्ये उणे १० अंश फॅरेनहाइट नोंदले गेले होते. तशा रात्रीसाठी यंत्र मोठं घ्यायचं का, यावर आमच्या घरात बराच खल झाला. माझं म्हणणं होतं की तशी रात्र क्वचित येते. त्या रात्री कुंड्या घरात आणायच्या, मधलं दार लावायचं, खोली ४० पर्यंत गेली तरी चालेल. एका रात्रीसाठी बाकीचा सगळा हिवाळा चुकीच्या मापाचं यंत्र चालवायचं नाही. ते मान्य झालं.

बसवायला एक दिवस लागला. टाउनचं परमिट, २४० व्होल्टचा वेगळा ब्रेकर, बाहेर भिंतीवर वीज तोडायचा डिस्कनेक्ट स्विच. तीन भिंती काचेच्या म्हटल्यावर आतलं युनिट घराच्या पक्क्या भिंतीवर, सरकत्या दाराच्या वर बसवलं, म्हणजे गरम हवा समोर दक्षिणेच्या काचांवर जाते. बाहेरचं युनिट जमिनीपासून दीड-दोन फूट वर, लोखंडी घोडीवर. नाहीतर बर्फात गाडलं जातं. ते छपराच्या पागोळीखाली येणार नाही हेही बघितलं, कारण पाणी वरून टपकून आत गोठतं. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर तंत्रज्ञाने आधी नायट्रोजन भरून गळती तपासली, मग व्हॅक्यूम पंप लावला आणि मीटरचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत थांबला. पंप बंद करूनही आकडा वर चढत नाही ना, हे बघत तो गुडघ्यावर बसून होता. आत ओल राहिली तर कंप्रेसर लवकर जातो. ही पायरी घाईने उरकणारे असतात, म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे.

सगळा खर्च पाच ते सात हजार डॉलरच्या दरम्यान. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टखाली पात्र हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर, आयकरातून वळते होत होते. ते आम्हाला मिळाले. ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे आता बसवणाऱ्यांनी ती हिशोबात धरू नये.

रात्रीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचे सेल्युलर शेड, म्हणजे खिडकीचे वर-खाली होणारे पडदे, घेतले, बाजूला रूळ असलेले. ते चौकटीला घट्ट बसले तर काचेतून जाणारी उष्णता ४० टक्के किंवा जास्त अडवतात, असं अमेरिकेचं ऊर्जा खातंच सांगतं. बाजूला फट असेल तर उपयोग फार कमी होतो. साडेचारला शेड खाली, सकाळी ऊन आलं की वर, हे काम सासऱ्यांनी आपणहून घेतलं आणि एक दिवसही चुकवलं नाही. रात्री दहानंतर यंत्र ५० वर. काही मॉडेलं ६० च्या खाली लावताच येत नाहीत. घेण्याआधी विचारून घ्यावं. आमच्याकडे ती सोय आहे.

जानेवारीत सनरूमची वीज वेगळ्या मीटरवर मोजली, तर ती ८० ते ९० डॉलरची भरली. तेवढीच उष्णता साध्या हीटरने घ्यायची तर दोनशेच्या वर गेली असती. फरशीचं काम न करता हाच हीट पंप लावला असता तर बिल किती आलं असतं, तेही मी काढून बघितलं: निदान निम्म्याने जास्त.

थंडीच्या दिवसांत बाहेरच्या युनिटवर दव गोठतं आणि यंत्र मधूनमधून ते वितळवतं. त्या वेळी आत पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबते आणि बाहेर वाफेचे ढग उठतात. सासूबाई पहिल्यांदा घाबरल्या, "अगं, बाहेर काहीतरी पेटलंय!" म्हणत स्वयंपाकघरात आल्या. बसवणाऱ्याने हे घरातल्या सगळ्यांना आधी दाखवायला हवं.

अडचणी राहिल्या आहेत. शेडच्या मागे रात्री काच थंडगार होते आणि कुंड्यांमधली ओल तिच्यावर जमते. सकाळी शेड वर केले की ॲल्युमिनियमच्या चौकटींवर पाणी, कडाक्याच्या दिवशी बर्फाची पातळ कड. हवेतली आर्द्रता ३५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, पाणी सकाळी घालायचं, संध्याकाळी नाही, आणि खालची पट्टी फडक्याने पुसायची. एवढं केलं की निभतं. वीज गेली तर कुंड्या घरात न्यायला चाकांच्या दोन पाट्या करून ठेवल्या आहेत.

कढीपत्त्याने त्या हिवाळ्यात काही पानं गाळली, पण फांद्या भरलेल्या राहिल्या आणि फेब्रुवारीअखेर नवे कोंब आले. तुळस तशीच टिकली. सासू-सासरे रोज नाश्ता झाला की तिथे जायचे ते चहापर्यंत. शेंगा सोलणं, पेपर, सांगलीला फोन, दुपारची झोप, सगळं तिथेच व्हायचं.

आता पश्चिमेच्या दोन खिडक्या बदलायच्या आहेत. सगळ्या काचा बदलण्याचं कोटेशन हीट पंपाच्या तिप्पट होतं, म्हणून तेव्हा सोडून दिलं. पण वारा पश्चिमेचा आणि हिवाळ्यात ऊन तिथे थोडाच वेळ, त्यामुळे तेवढ्या दोन खिडक्यांना लो-ई लेप, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर, आणि आर्गॉन वायू भरलेली काच घेणार आहोत, यू ०.३ च्या खालची. दक्षिणेच्या काचांना मात्र हात लावणार नाही. तिथे ऊन अडवणारा लेप आला तर दुपारची फुकटची ऊब जाईल, आणि ती मला सोडायची नाही.